कापडी डायपर घेताय? आधी पावसाळ्याचा विचार करा

माझं मत चांगलंच आहे, पाचपैकी चार स्टार. पण तो एक स्टार का कापला हे सांगायला जरा वेळ लागेल, कारण घेण्याआधी मी जे रिव्ह्यू वाचले त्यातले बहुतेक डायपर घरी आल्याआल्याच लिहिलेले वाटत होते. बाळ अगदी छोटं, बाहेर लख्ख ऊन, आणि फोटोत दोरीवर ओळीने वाळत घातलेले रंगीबेरंगी डायपर. तो फोटो बघून आपण ऑर्डर करतो आणि मग पाऊस लागतो.

आमच्याकडे हे आधी मोठीने वापरले आणि आता तेच धाकटा वापरतोय. घरात कपड्यांचं खातं माझ्याकडे आहे त्यामुळे हे बाळाच्या बापाचं मत आहे आणि धुणाऱ्याचं पण. बायकोचं काही बाबतीत वेगळं आहे, ते मध्ये मध्ये टाकतो नाहीतर वाचून मलाच ऐकावं लागेल.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही घेतले ते पॉकेटवाले. बाहेरून पीयूएल म्हणजे पॉलिस्टरच्या कापडाला एका बाजूने पॉलियुरेथेनचा पातळ थर बसवलेला असतो, तो पाणी अडवतो. आत बाळाच्या अंगाला लागणारं मऊ कापड, हेही पॉलिस्टरच, ते शू पटकन खाली सोडतं आणि स्वतः कोरडं लागतं. दोन्हीच्या मध्ये खिसा आणि खिशात घालायचं पॅड, त्याला सगळे इन्सर्ट म्हणतात. पुढे बटणांच्या ओळी असतात, बाळ वाढेल तशी बटणं सोडत जायची. दुसरा प्रकार म्हणजे नुसतं पीयूएलचं कव्हर आणि त्यात घडी घालून ठेवलेलं सुती कापड. तिसरा प्रकार सगळं एकत्र शिवलेला, ऑल इन वन, जो बाळाला घालायला सगळ्यात सोपा आणि वाळायला सगळ्यात वाईट. हा तिसरा कोणी कितीही सुचवला तरी दमट हवेत राहत असाल तर घेऊ नका, बास.

ही कव्हरची आयडिया तशी जुनी आहे. १९४६ मध्ये अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन नावाच्या बाईने बाथरूममधल्या शॉवरच्या पडद्याचं कापड कापून बाळाच्या लंगोटावर घालायचं वॉटरप्रूफ कव्हर शिवलं, कारण रात्री पुन्हा पुन्हा चादरी बदलून ती वैतागली होती. पुढे तिने पॅराशूटचं नायलॉन वापरलं, सेफ्टी पिनांच्या जागी बटणं लावली आणि १९५१ मध्ये पेटंटही मिळवलं. आज आपण ज्याला मॉडर्न कापडी डायपर म्हणतो त्यातलं निम्मं तिथेच होतं, फरक पडलाय तो कापडात. आणि सगळा खेळ कापडाचाच आहे.

तर कापड. सेटसोबत जे इन्सर्ट फुकट येतात ते बहुतेक मायक्रोफायबरचे, म्हणजे अगदी बारीक पॉलिस्टर धाग्यांचे असतात. चांगली गोष्ट ही की ते शू झटकन ओढतात आणि झटकन वाळतात. वाईट गोष्ट ही की दाबलं की सोडतात, एकदम स्पंजसारखं. बाळ कारसीटमध्ये बसलं, कॅरियरमध्ये बांधलं, पोटावर झोपून सरपटायला लागलं की मांडीच्या कडेने गळती सुरू. आणि मायक्रोफायबर थेट अंगाला लावायचं नाही, ते कातडीतला ओलावा पण खेचून घेतं, ते खिशातच हवं. सुती इन्सर्ट मध्यम शोषतात, दाबलं तरी बऱ्यापैकी धरून ठेवतात. बांबूचे म्हणून जे मिळतात ते बांबूपासून केलेल्या व्हिस्कोसचे असतात, शोषतात भरपूर, वाळताना मात्र अंत पाहतात. हेम्पचे, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचे, पातळ असतात आणि खूप धरतात पण सावकाश शोषतात, त्यामुळे वर एखादं पटकन ओढणारं कापड लागतंच. आणि ते काळे चारकोलवाले इन्सर्ट, ते बघून इम्प्रेस होऊ नका, बऱ्याच वेळा वरचं कापड काळं आणि आत तेच मायक्रोफायबर असतं. काळ्यावर डाग दिसत नाहीत हा फायदा खरा आहे, बाकीचं मार्केटिंग.

अजून एक, सुती आणि हेम्पचे इन्सर्ट नवे असताना नीट शोषत नाहीत कारण धाग्यात नैसर्गिक तेलं असतात. चार-पाच धुण्यांनंतर त्यांची खरी ताकद कळते. त्यामुळे पहिल्याच दिवशी गळलं म्हणून परत पाठवू नका, आधी धुवा.

आता पावसाळा. इथेच माझा एक स्टार गेला आणि कंपन्या इथेच गप्प बसतात. वेबसाइटवर शोषण किती, थर किती, बटणं किती सगळं असतं, दमट हवेत वाळायला किती वेळ लागेल हे कुठेच नसतं. हवेतच पाणी भरलेलं असताना कपड्यातलं पाणी जाणार कुठे. आणि त्यात पॅड म्हणजे चार-पाच थर एकत्र शिवलेले, बाहेरून हाताला कोरडं लागतं आणि मध्ये ओलं राहतं. हाताला कळत नाही, गालाला लावून बघायचं, गार लागलं की समजायचं आत ओल आहे. असं पॅड खिशात घातलं की दोन गोष्टी होतात, एक तर डायपर लवकर भरतो आणि दुसरं म्हणजे कुबट वास. हा वास नुसत्या ओलीचा नसतो, मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचे बॅक्टेरिया त्याला बऱ्याच अंशी जबाबदार आहेत, जपानमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये हे दाखवलं होतं, आणि हे मूळचे आपल्याच अंगावरचे आणि आसपासचे. धुतलेल्या कपड्यातही ते थोडे उरतात आणि कापड जितका वेळ ओलं तितके वाढत जातात. म्हणजे पुन्हा पुन्हा धुऊन उपयोग नाही, लवकर वाळवणं हाच उपाय.

आमच्याकडे जे चाललं ते असं. मशीनमधून काढायच्या आधी नुसतं स्पिन अजून एकदा लावायचं, यात मोठा फरक पडतो, जितकं पाणी मशीन काढेल तितकं हवेला काढावं लागत नाही. मग स्टँड पंख्याखाली, दोन पॅडच्या मध्ये हात जाईल एवढी जागा सोडून. गर्दी करून वाळत घातलं तर पंखा असून नसून सारखाच. इन्सर्ट वेगळे, कव्हर म्हणजे बाहेरचा खिशाचा भाग वेगळा. कव्हर तर तासा-दोन तासात वाळतात, अडकतात ते इन्सर्ट. आणि खरा बदल झाला तो आम्ही पावसाळ्यापुरते जाड पॅड बाजूला ठेवून साधे मोठे सुती चौकोन घ्यायला लागलो तेव्हा. वाळताना एकच थर पसरलेला, घातल्यावर घड्या करून आठ थर. शोषण तेवढंच आणि वाळायला वेळ अगदीच कमी. माझी आई हे पहिल्या दिवसापासून सांगत होती, तिच्या मते मी एवढं रिसर्च करून शेवटी लंगोटावरच आलो. खिशात घडी घालून सरकवायची म्हणजे जरा कुटाणा आहे पण जमतं. सुती चौकोन थोडे दमट राहिले तर इस्त्री पण फिरवता येते. कव्हरला मात्र इस्त्री कधीच नाही, पीयूएलचा थर सुटून येतो, आणि मायक्रोफायबरला पण नाही, ते प्लास्टिकच आहे शेवटी.

ड्रायर असेल तर प्रश्न मिटला असं वाटेल. इन्सर्ट कमी उष्णतेवर चालतात, कव्हर त्यात घालू नयेत, गरम असताना इलॅस्टिक ताणलं की ते ढिलं पडतं. पण एक हिशोब बघा. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याच्या एजन्सीने २००८ मध्ये दोन्ही प्रकारच्या डायपरचा पूर्ण आयुष्याचा हिशोब केला होता. अडीच वर्षांच्या वापराला फेकायच्या डायपरचं सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइड एवढं उत्सर्जन आलं आणि कापडीचं सरासरी ५७०. म्हणजे कापडीच थोडं जास्त! पण मशीन पूर्ण भरून लावलं, उघड्यावर दोरीवर वाळवलं आणि तेच डायपर दुसऱ्या मुलाला वापरले तर कापडीचा आकडा साधारण ४० टक्क्यांनी खाली येतो. उलट सगळे ड्रायरमध्येच वाळवले तर ४३ टक्क्यांनी वर जातो. त्यामुळे पर्यावरणासाठी म्हणून घेणार असाल तर पॅकेटवरचं हिरवं पान बघू नका, तुमच्या घरात कपडे कुठे आणि कसे वाळतात ते बघा.

हिवाळ्याचं गणित वेगळं. थंडीत घाम कमी येतो म्हणून शू जास्त, हे मोठ्यांचं होतं तसंच बाळाचं पण. उन्हाळ्यात जो डायपर तीन तास आरामात निघायचा तो थंडीत दोन तासात भरतो, आणि आपल्याला वाटतं डायपर खराब झाला. खराब वगैरे काही नाही, एक जास्तीचा सुती इन्सर्ट टाका. पण मग बूड एवढं मोठं होतं की नेहमीची पायजमी चढत नाही, आणि ओढून चढवली तर ती दाबते आणि मायक्रोफायबर दाबलं की काय होतं ते वर सांगितलंच आहे. कापडी वापरणार असाल तर खालचे कपडे एक साइज मोठे घ्या. अजून एक गंमत जी कळायला आम्हाला वेळ लागला, थंडीत आत बनियन, वर झबलं, वर स्वेटर, आणि यातल्या एखाद्याचं टोक डायपरच्या कडेत अडकलेलं राहतं. ते सुती टोक वातीचं काम करतं, आतली शू ओढून पार गळ्यापर्यंत नेतं, सगळे कपडे बदला, बाळ थंडीने रडतंय, मोठी विचारतेय काय झालं काय झालं. डायपर घातल्यावर कमरेभोवती आणि दोन्ही मांड्यांभोवती एकदा बोट फिरवून घ्यायचं, आतलं कापड बाहेर आणि बाहेरचं कापड आत नको. निम्मी गळती यानेच थांबते.

रात्रीबद्दल बायको आणि मी एकमत नाही. माझ्या मते हेम्प आणि वर सुती घालून रात्र निघते. तिच्या मते निघते ती डायपरची, आपली नाही. तिचा मुद्दा असा की फेकायच्या डायपरमध्ये जे पॉलिमर असतं ते शू जेलसारखी धरून ठेवतं, शुद्ध पाणी असेल तर स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट, शूमध्ये क्षार असतात म्हणून बरंच कमी, पण तरी कुठल्याही कापडापेक्षा कितीतरी जास्त. थंडीच्या रात्री बाळ ओलं होऊन उठण्यापेक्षा एक फेकायचा डायपर घालावा आणि सगळ्यांनी झोपावं. आता आम्ही तिच्याच पद्धतीने करतो. प्रवासात पण फेकायचेच. कापडी वापरतो म्हणजे शपथ घेतलीय असं नाही, आणि ज्या ग्रुपमध्ये एक फेकायचा डायपर वापरला म्हणून आयांना ऐकवतात त्या ग्रुपमधून मी केव्हाच बाहेर पडलो.

उन्हाळ्यात हे डायपर खरंच भारी वाटतात. सकाळी वाळत घातलेले दुपारच्या आत वाळतात आणि शीचे पिवळे डाग उन्हात आपोआप जातात. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला पटेना. पण त्यामागे कारण आहे. छोट्या बाळाची शी पिवळी असते ती त्यातल्या बिलीरुबिनमुळे, पोटातले बॅक्टेरिया अजून तयार झालेले नसतात म्हणून ते मोठ्यांसारखं तपकिरी होत नाही, आणि बिलीरुबिन उजेडात तुटतं. नवजात बाळाला कावीळ झाली की निळ्या दिव्याखाली ठेवतात ते याच कारणाने. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या हॉस्पिटलमध्ये बाळांना उन्हात नेणाऱ्या एका नर्सच्या लक्षात आलं की ऊन लागलेला भाग कमी पिवळा दिसतो, तिथून ते सगळं सुरू झालं. तर डाग असलेली बाजू ओली असतानाच उन्हाकडे करून टाका, घासत बसू नका. बाळ जेवायला लागल्यानंतरच्या डागांवर ऊन एवढं काम करत नाही, तिथे लाइनर, म्हणजे डायपरच्या आत बाळाच्या अंगाकडे ठेवायचा पातळ थर, वापरा म्हणजे घट्ट शी उचलून थेट कमोडमध्ये टाकता येते. कव्हर मात्र कडक उन्हात दिवसभर ठेवू नका, इलॅस्टिक लवकर मरतं.

उन्हाळ्याची वाईट बाजू म्हणजे रॅश. आतलं पॉलिस्टर, बाहेर पीयूएल, मध्ये बाळ. हवा खेळत नाही. दर दोन-तीन तासांनी बदलायचाच, भरला असो नसो, आणि दिवसातून थोडा वेळ उघडं सोडायचं, फरशी पुसायची तयारी ठेवून. उन्हाळ्यात कव्हर आणि सुती कापडवाला प्रकार पॉकेटपेक्षा बरा. लाल रॅशच्या कडेला छोटे छोटे सुटे लाल ठिपके दिसले तर ते बुरशीचं असू शकतं, साध्या क्रीमने जात नाही, डॉक्टरांना दाखवा. आणि रॅश क्रीम लावणार असाल तर मध्ये लाइनर हवाच, झिंक आणि पेट्रोलियम जेलीवाली क्रीम कापडाला चिकटते आणि मग कापड पाणी घेतच नाही. फॅब्रिक सॉफ्टनरचं पण तेच, कितीही छान वास येऊ दे, डायपरला नाही.

धुण्याबद्दल लोक फार घाबरवतात. आम्ही वापरलेले कोरडेच हवेशीर टोपलीत ठेवतो, दोन दिवसांनी मशीन. आधी थंड पाण्यात एक छोटं वॉश, मग नेहमीच्या डिटर्जंटने ६० डिग्रीवर मोठं. बादलीत भिजत घालू नका, एक तर इलॅस्टिक खराब होतं आणि मुख्य म्हणजे घरात चालणारं-रांगणारं मूल असताना पाण्याने भरलेली बादली ठेवायचीच नाही, थोड्याशा पाण्यातही छोटं मूल बुडू शकतं. डिटर्जंट चिमूटभर टाका असं काही कंपन्या लिहितात, त्याने कापड नीट साफ होत नाही. बाळाने शू केल्या केल्या डोळ्यात पाणी आणणारा वास आला तर तो अमोनिया, शूमधल्या युरियाचे बॅक्टेरिया तुकडे करतात त्याचा. याचा अर्थ धुणं कमी पडतंय किंवा पाणी जड आहे आणि क्षार कापडात बसलेत. डिटर्जंट वाढवा, पाणी मऊ करणारी पावडर टाका, मशीन ठासून भरू नका.

मोठी आता इन्सर्ट खिशात सरकवायचं काम करते, तिचा हात छोटा असल्याने तिला आमच्यापेक्षा पटकन जमतं. अधूनमधून खिशातून एखादा क्रेयॉन किंवा बाहुलीचा बूट निघतो. कापडी डायपरमुळे मुलं लवकर शू सांगायला लागतात असं सगळे म्हणतात, आमच्या मोठीने तिला हवं तेव्हाच सांगितलं, त्यामुळे त्यासाठी म्हणून घेऊ नका.

किती घ्यायचे? दोन दिवसाआड धुणार असाल तर २० ते २४ पुरतात, पण पावसाळ्यासाठी डायपर वाढवू नका, इन्सर्ट वाढवा, कारण कव्हर वाळतातच. वन साइज म्हणून तीन-चार किलोपासून पंधरा-सोळा किलोपर्यंत चालतो असं लिहिलेलं असतं, वरचं टोक खरं आहे, खालचं नाही. नवजात बाळाच्या काडीएवढ्या मांड्यांपाशी फट राहते आणि सगळं तिथून बाहेर. पहिले काही आठवडे साधे सुती कापडाचे किंवा फेकायचे वापरा आणि बाळ जरा भरलं की हे काढा.

आमचे दुसऱ्या मुलापर्यंत टिकले, पण काहींचं इलॅस्टिक गेलं आणि ते शिंप्याकडून बदलून घेतलं. बटण निघालं तेव्हा कंपनीला मेल केली, उत्तर नाही. सेकंडहँड घेत असाल, आणि घ्यायला हरकत काहीच नाही, तर मांडीचं इलॅस्टिक ताणून सोडून बघा, पटकन परत आलं पाहिजे. कव्हर आतून बघा, थर सुटून फुगा आला असेल किंवा चुरचुर आवाज येत असेल तर नको. डाग असले तर असू द्या, ते उन्हात जातील. बटणं मात्र सगळी लावून काढून बघा, कमरेच्या टोकाचं पण, कारण बाळ गुटगुटीत झालं की नेमकं तेच लागतं.